बर्फावरची पिवळी

ट्रॉय, मिशिगन
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अवधूत,

पाकीट बघून दचकला असशील. दिवाळीच्या कार्डाला अजून अवकाश आहे, आणि कार्डाशिवाय माझ्याकडून तुझ्याकडे दुसरं काही येऊन किती वर्षं झाली ते मोजायला नको. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघं हवापाणी, गुडघे आणि मुलांच्या नोकऱ्या एवढं बोलतो आणि ‘चल, ठेवतो’ म्हणतो. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की आपली पिवळी सापडली.

तसलीच दुसरी नव्हे, आपलीच. बहात्तर सालची स्नोमोबिल, पुढे दोन लोखंडी पट्ट्या, मागे रबरी पट्टा, आणि तिसरा माणूस बसला की पहिला हँडलवर जाणार अशी सीट. रिटायर झाल्यापासून मी सकाळी चहाबरोबर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघतो. पद्मिनी म्हणते, इतर पुरुष या वयात निदान देवाचं काही वाचतात. गेल्या महिन्यात एक जाहिरात दिसली. आपण शिकत होतो त्या गावापासून वीस मैलांवर एक शेतकरी कोठार रिकामं करतोय. फोटोत गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि आतून लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, ‘आई अंबाबाईची कृपा’. तुझं ते कलंडलेलं अक्षर मी कुठेही ओळखीन.

दहा तास ड्राइव्ह करून गेलो. आपण ज्याला गाडी विकली त्याचा हा मुलगा, आता स्वतःच म्हातारा झालेला. त्याला जन्मभर वाटत होतं की ती इंजिन बनवणाऱ्या जपानी लोकांची काहीतरी सूचना आहे. म्हणून दर वेळी रंग देताना तेवढी जागा त्यांनी सोडली. मी अर्थ सांगितला तेव्हा त्याने टोपी काढली. मग मी घासाघीस केली नाही. हे पद्मिनीला कळवायचं नाही.

आता खरं बोलतो. डिसेंबर एक्क्याऐंशीत तू स्वतःच्या लग्नासाठी सांगलीला गेलास आणि मी तुझ्या माघारी पिवळी विकली. खरेदी दोघांची होती, पण तिच्यात जीव तू ओतला होतास. परत आल्यावर तू शेडमध्ये गेलास आणि मला विचारलंस. मी ‘विकली’ एवढंच म्हणालो. दोघांनी डेट्रॉइटला एकाच कंपनीत लागायचं, शेजारी शेजारी घरं घ्यायची, असं आपलं ठरलेलं. तू ती नोकरी सोडून कॅलिफोर्नियाला गेलास. का विकली ते मी आजही सांगणार नाही. पण तुला विचारायला हवं होतं. मला माफ कर.

ती मी चालू करणार आहे, आणि फेब्रुवारीत तू येऊन तिच्यावर बसायचं आहेस. मला या वयात दुसरं काही नको. इंजिन तुला कळतं. मी जन्मभर ब्रेकचे रिपोर्ट लिहिले. सुरुवात कुठून करू ते कळव.

तुझा
राजाराम

*

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१९ ऑक्टोबर २०२४

राज्या,

टाइप केलेलं पत्र बघून नाक मुरडू नकोस. आमच्या गावात लोक हाताने फक्त सही करतात.

पिवळी सापडली हे ऐकून मी दोन दिवस झोपलो नाही. मालिनीला विचार. तो शेतकरी पक्का चिक्कू होता, त्याने ती चांगली ठेवली असणार. जपानी सूचनेचं ऐकून इतका हसलो की ठसका लागला.

आता नीट ऐक. दोरी एकदम ओढायची नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. प्लग काढ, त्या भोकातून दोन चमचे ऑइल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी दोरी हळूहळू ओढ, लहान मुलाचा दुखरा हात धरतात तशी. फिरली तर पुढचं बोलू. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून दे. कार्बोरेटर उघडून प्रत्येक भोक फुंकून बघ. आणि पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरू नकोस. हे स्कूटरचंच भावंड आहे, नुसत्या पेट्रोलवर अर्ध्या तासात जाम होईल.

माझ्या येण्याचं मात्र मनावर घेऊ नकोस. गुडघे साथ देत नाहीत, आणि थंडी आता सोसत नाही. तू चालव आणि मला कळव, त्यात मला आनंद आहे.

अवधूत

*

ट्रॉय
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय अवधूत,

पिस्टन सुटला. तू म्हणालास तसं ऑइल घालून दोन रात्री ठेवलं, तिसऱ्या दिवशी दोरी ओढली तर आतून एक सुस्कारा आला आणि चाक फिरलं. मी गॅरेजमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या. टाकीतल्या पेट्रोलची काकवी झाली होती. कार्बोरेटर खोलून, धुऊन, भोकं फुंकून तोंडाला तीन दिवस तीच चव.

एवढं करूनही ती चालू होईना. ठिणगी होती, पेट्रोल होतं, गाडी ढिम्म. दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा माझं सांगलीचं रक्त उसळलं. स्कूटर चालू झाली नाही की आपण काय करतो? आडवी करतो. पद्मिनीला एका बाजूने धरायला लावलं आणि तीनशे पौंडांचं ते धूड कुशीवर घातलं. टाकीचं झाकण सैल राहिलं होतं. गॅरेजमध्ये तांदळाचं नवं पोतं होतं, शेजारी तिच्या आईच्या कृतीने घातलेलं लिंबाचं लोणचं होतं. आठवडाभर आमच्याकडे फक्त पोळ्या होतात आणि पोळ्यांबरोबर काय आहे हे विचारायची सोय नाही.

सोबत अकरा फोटो ठेवले आहेत. सातव्यात तू सीटखाली जोडलेली लोखंडी पट्टी दिसते, ती अजून जागची हललेली नाही. मला तुझं वेल्डिंग बघून भरून आलं.

एक विचारू? मागच्या पत्रात मी एक परिच्छेद लिहिला होता. तो लिहायला मला त्रेचाळीस वर्षं लागली. तुझ्या उत्तरात कार्बोरेटर होता, ऑइल होतं, त्याच्याबद्दल शब्द नव्हता. शिव्या घाल, चालेल. पण काहीतरी लिही. माफी मागतोय, हे पुन्हा सांगतो.

राजाराम

*

सनीव्हेल
२८ नोव्हेंबर २०२४

राज्या,

आज थँक्सगिव्हिंगची सुट्टी, रस्त्यावर कुत्रं नाही. मुलगी प्रीता जेवायला येणार होती, तिचं विमान कॅन्सल झालं.

स्कूटर आडवी करतात ती पेट्रोल खाली उतरावं म्हणून, गाढवा. इथे पेट्रोल पंपाने चढतं. तू ती उलटी टांगली असतीस तरी चालू झाली नसती. पंपाच्या आतला पातळ पडदा कडक झाला असेल, तो बदल. पद्मिनीला माझ्याकडून सांग की त्या काळातसुद्धा हा मनुष्य असाच होता.

फोटो पाठवू नकोस. त्यातून मला काही कळत नाही. इंजिन फिरलं की त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठव. आवाजावरून सांगेन.

फेब्रुवारीचा विषय पुन्हा काढू नकोस.

अवधूत

*

ट्रॉय
१५ डिसेंबर २०२४

अवधूत,

पडदा बदलला. काल दुपारी साडेतीनला पिवळी बोलली. धूर इतका झाला की समोरच्या बाईने आग लागली का म्हणून विचारलं. पण एक गडबड आहे. दोन मिनिटं बरी चालते, मग मी काही न करता आपली आपण वेग घेत सुटते. ॲक्सिलरेटर सोडला तरी थांबत नाही. बटण दाबून बंद करावी लागते. आवाज मालिनीवहिनींच्या फोनवर पाठवला आहे.

आता माझं. फोटो पाठवू नकोस म्हणालास. फेब्रुवारीचं काढू नकोस म्हणालास. माफी मी दोनदा मागितली, त्यावर चकार शब्द नाही. मला वाटलं होतं, पिवळी दिसली की तुझा राग उतरेल. माझीच चूक. माणूस एवढ्या वर्षांनी राग सोडतो असं कुठे लिहिलं आहे?

तुझ्यासाठी ती घेतली. तू येणार नसशील तर या वयात बर्फात एकट्याने फिरायची हौस मला नाही. जानेवारीअखेर तुझ्याकडून काही आलं नाही तर मी ती विकून टाकीन. ही धमकी नाही, मला ती गॅरेजमध्ये रोज बघवणार नाही म्हणून सांगतो.

राजाराम

*

सनीव्हेल
२ जानेवारी २०२५

ती. राजाभाऊ,

हे पत्र माझं आहे. ह्यांना माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचे डोळे गेले. अगदी अंधार नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं पुसलं गेलं आहे. माझ्याकडे बघतात तेव्हा माझा चेहरा सोडून कान दिसतो म्हणतात. कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. लोकांना गुडघे सांगतात. गुडघे चांगले आहेत. तुमची पत्रं मी जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवते, हे सांगतात ते मी टाइप करते. तुमचे फोटो ह्यांनी एकेक करून डोळ्यांच्या कडेला धरून बघितले. सातव्याला फार वेळ लागला. मग म्हणाले, ‘लिही त्याला, फोटो पाठवू नकोस.’

आता माझं पाप. तुमच्या पहिल्या पत्रातला तो परिच्छेद मी वाचलाच नाही. त्याच्या आधीच्या ओळीवरून उडी मारून ‘ती मी चालू करणार आहे’वर आले. दुसऱ्या पत्रातलाही नाही. का, ते तुम्हाला एकट्यालाच माहीत आहे. पण इतकी वर्षं मी ते कधी उच्चारलेलं नाही, म्हणून आज लिहिते.

आमचं ठरलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. हे मला कऱ्हाडला पत्रं पाठवायचे आणि त्यात पिवळीशिवाय काही नसायचं. गोठलेल्या तळ्यावरून जाताना खालचा बर्फ पापडासारखा वाजतो, असं एकदा कौतुकाने लिहिलं. दुसऱ्या पत्रात लिहिलं की त्याच तळ्यात कुणी एक जण गाडीसकट गेला, पण तो वाट चुकला होता. मी घाटाजवळ वाढलेली. दर पावसाळ्यात कृष्णेने कुणाला तरी नेलेलं बघितलेलं. ठरलेल्या नवऱ्याला ‘असं करू नका’ म्हणायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती, ते आगाऊपणात जमा झालं असतं. तुम्हाला बहीण नाही असं ह्यांच्या पत्रात होतं. म्हणून दिवाळीत तुम्हाला लिहिलं, कागदात कुंकू आणि अक्षता बांधल्या, आणि भाऊबीजेची ओवाळणी मागितली. मी येण्याआधी ती गाडी तिथे असू नये, आणि मी मागितलं हे कुणाला कळू नये.

तुम्ही दिलीत. आणि तुमचा मित्र गेला.

मला वाटलं होतं चार दिवस चिडतील. हे तर गावच सोडायला निघाले. तेव्हा सांगायला हवं होतं. नवी नवरी, परका देश, ह्यांचा राग बघून तोंडातून शब्द निघाला नाही. मग एक वर्ष गेलं, मग प्रीता झाली, मग सांगायची वेळच निघून गेली असं वाटलं. चार माणसं जमली की हे पिवळीची गोष्ट सांगतात, मित्राने गाडी कशी विकली ते. तेवढ्यापुरती मी आमटी ढवळायला आत जाते.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. तुमचं दुसरं पत्र मी वाचून संपवलं तेव्हा हे म्हणाले, ‘बघ, गाडी सापडली, फोटो पाठवले, पण राज्या त्याबद्दल अजून एका शब्दाने बोलत नाही. एकदा चुकलो म्हणाला असता तर मी आंधळा आहे ते सांगून तिकडे गेलो असतो.’ मी पत्राची घडी घातली आणि उठले.

तुमचं तिसरं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलेलंच नाही. आवाज तेवढा ऐकवला. गेले दोन आठवडे तोच लावून बसतात. मी काय करू ते सांगा.

मालिनी

*

ट्रॉय
१६ जानेवारी २०२५

प्रिय मालिनी,

वहिनी म्हणायची सवय आहे, ती या पत्रापुरती बाजूला ठेवतो.

डोळ्यांचं वाचून मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. पद्मिनी आली तेव्हा तिला पेट्रोलच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं असं सांगितलं. मी त्याला चिडका म्हणत होतो आणि तो फोटो डोळ्यांच्या कडेला धरत होता. माझं पत्र कठोर होतं. ते त्याला ऐकवलं नाहीस हे चांगलंच झालं.

तुझं ते पत्र आलं तेव्हा कुंकू कागदभर पसरलं होतं. एक ओळ तर वाचताच येत नव्हती. मला कुणी ओवाळणी मागावी हे आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि शेवटचंही. मी त्या दिवशी कॉलेजला गेलो नाही. एकीकडे अवधूत, एकीकडे तू, आणि तुला मी अजून बघितलंही नव्हतं. पण भीती मलाही वाटायची. तो तळ्यावर गेला की मी खिडकीतून हलायचो नाही, आणि त्याला थांबवायची हिंमत मला नव्हती. तू लिहिलंस म्हणून मला निमित्त मिळालं. तेव्हा सगळं स्वतःच्या माथी घेऊ नकोस.

ओवाळणी एकदा ताटात पडली की बहिणीची. मी ती परत मागणार नाही आणि तुझं नाव घेणार नाही. पद्मिनीलाही कधी सांगितलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. नाही सांगितलंस तरी तू माझी बहीणच आहेस.

फक्त एक कर. माझे परिच्छेद त्याला वाचून दाखव. मी माफी मागितली आहे, ती त्याच्यापर्यंत जाऊ दे. तो ज्याची वाट बघतोय ते तीन महिने तुमच्या टेबलावर पडून आहे, हे मला सहन होत नाही.

राजाराम

*

सनीव्हेल
३० जानेवारी २०२५

राज्या,

मालिनीने तुझी जुनी पत्रं परवा पुन्हा वाचली. काही भाग राहून गेले होते म्हणाली. कसे राहिले ते विचारलं तर आमटी बघायला उठून गेली. तिचंही वय झालं, मी तिला दिवसभर वाचायला लावतो.

ऐकलं सगळं. माफ केलं. तुला काय वाटलं, ते ऐकायची मी किती वर्षं वाट बघत होतो? तू रिपोर्टवाला, दोन शब्द लिहायला एवढी वर्षं लावलीस. कारण सांगत नाहीस ते असू दे. पैसे हवे असतील, कुणी मुलगी असेल, आता काय करायचंय. मीही कमी नाही. एका गाडीपायी मी गाव सोडलं, आणि मग परत कसं बोलायचं ते सुचलं नाही म्हणून बोललो नाही.

आता माझं ऐक. मला दिसत नाही. कडेचं थोडं दिसतं, बाकी नाही. म्हणून फोटो नको म्हणालो, म्हणून येत नव्हतो. तू मला हाताला धरून गाडीपर्यंत नेशील आणि गाडीवर बसवशील, हे मला नको होतं. आता वाटतं, ने बाबा.

आवाजाबद्दल. मी तो शंभरदा तरी ऐकला. पिस्टन जी दांडी फिरवतो त्या क्रँकशाफ्टच्या टोकाला रबरी सील असतं, ते वाळलं आहे. तिथून हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन भरधाव सुटतं. तशीच पळवलीस तर पिस्टन वितळेल. सगळी तोंडं बंद कर, सायकलच्या पंपाने थोडी हवा भर आणि साबणाचं पाणी लाव. बुडबुडे येतील तिथे सील गेलं.

वीस फेब्रुवारीला येतो, मालिनीसह. एक अट. तू चालवलीस तर मी मागे बसणार नाही. तू तिला दोनदा झाडावर घातली होतीस.

अवधूत

*

ट्रॉय
९ फेब्रुवारी २०२५

अवधूता,

बुडबुडे आले. डाव्या बाजूला, तू म्हणालास तिथेच, आंघोळीच्या फेसासारखे. त्याआधी मला वाटलं होतं की उदबत्ती धरून धूर कुठे ओढला जातो ते बघावं. पद्मिनीने ती पेटवायच्या आत हातातून काढून घेतली आणि पेट्रोलच्या डब्याकडे बोट दाखवलं. सील बदललं. आता ती ठेक्यात चालते, ॲक्सिलरेटर सोडला की वेग खाली येतो. आवाज पाठवला आहे.

झाडावर एकदाच घातली होती. दुसऱ्यांदा झाडच मध्ये आलं.

पिवळी विकणाऱ्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला फोन केला. त्याचं घराशेजारचं गवताचं शेत सपाट आहे, गुडघाभर बर्फ आहे, म्हणाला खुशाल या. तळ्याकडे जायचं नाही. चालवायचं कुणी यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. पद्मिनीचं मत, मालिनीवहिनी फ्रीवेवर ऐंशीने गाडी चालवतात, त्यांना हे काय जड आहे. मी तुझ्या अटीत बसत नाही, तेव्हा विचारून बघ.

लवकर या. मला आता धीर नाही.

राजाराम

*

सनीव्हेल
६ मार्च २०२५

ती. राजाभाऊ आणि पद्मिनी,

आम्ही सुखरूप पोचलो ते फोनवर कळवलं होतंच. पद्मिनीने बांधून दिलेलं लोणचं प्रीताने दोन दिवसांत संपवलं, ती पेट्रोलची गोष्ट ऐकूनसुद्धा. राजाभाऊ, पुढचं पद्मिनीलाही वाचून दाखवा. आता तिच्यापासून लपवायचं काही कारण नाही.

त्या दिवशी तुम्ही दोघं कुंपणापाशी उभे होतात. मी गाडी चालवत होते आणि हे मागे बसले होते, दोन्ही हात माझ्या कमरेला घट्ट. पहिल्या फेरीत मी इतकी घाबरले होते की डोळे मिटावेसे वाटत होते. हेच मागून सांगत होते, थोडं वेगाने घे, वळताना आत झुक, इंजिन काय म्हणतंय ते ऐक. दुसऱ्या फेरीला मला भीती राहिली नाही. मला ते आवडायला लागलं. ज्या गाडीला मी एवढी घाबरले, तिच्यावर बसायला किती छान वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे तर रडत होते. माझ्या मानेला ओलं लागलं म्हणून कळलं.

शेताच्या पलीकडच्या टोकाला वळून गाडी तुमच्याकडे तोंड करून थांबली तेव्हा तुम्हाला वाटलं बंद पडली, आणि तुम्ही गुडघाभर बर्फातून धावत निघालात. ती बंद पडली नव्हती. मी बटण दाबलं होतं.

विमानातून उतरल्यापासून मला चैन नव्हतं. विमानतळावर ह्यांनी तुम्हाला मिठी मारली आणि म्हणाले, ‘झालं गेलं, तुला माफ केलंय मी.’ तुम्ही मान खाली घालून हो म्हणालात. माझ्यासाठी तुम्ही दुसऱ्यांदा ते स्वतःवर घेतलंत, आणि या वेळी माझ्यादेखत. पत्रात वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. तेव्हा मी ठरवलं.

इंजिन थांबल्यावर तिथे इतकं शांत झालं की बोलायला लाज वाटत होती. मी मागे वळले नाही, समोर बघूनच सगळं सांगितलं. पत्र, कुंकू, ओवाळणी, आणि न वाचलेले परिच्छेदसुद्धा. ह्यांचे हात माझ्या कमरेवरून सुटले. तुम्ही येताना दिसत होतात, मध्ये एकदा पडलात तेही दिसलं.

मग हे म्हणाले, ‘मला विचारलं असतंस तर मीच विकली असती.’

‘तेव्हा विचारता येत नव्हतं,’ मी म्हणाले.

‘आणि नंतर?’

तेवढ्यात तुम्ही धापा टाकत आलात आणि प्लग गेला का विचारलंत. हे ‘हो’ म्हणाले. मग तुमची बाही धरली ती शेतकऱ्याच्या घरापर्यंत सोडली नाही. तुम्हाला वाटलं बर्फात वाट दिसत नाही म्हणून. कॉफी पितानासुद्धा एका हातात तुमची बाही होती, आठवतं?

इथे आल्यापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. चहा, औषध, पडदा ओढ. मी तक्रार करत नाही. ज्या माणसाने एवढी वर्षं चुकीच्या माणसावर राग धरला त्याला थोडे दिवस बरोबर माणसावर धरू दे. पण काल संध्याकाळी कुणी न सांगता येऊन टेबलाशी बसले आणि म्हणाले, ‘राज्याला लिही.’ मी मशीन उघडून बसले. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं, एक अक्षर न वगळता खाली देते.

‘राज्या, मी तुला माफ केलं असं जानेवारीत लिहिलं आणि विमानतळावर तोंडाने बोललो. दोन्ही परत घेतो. तू काही केलंच नव्हतंस. माफ तू मला करायचं आहेस, आणि तुला वेळ लागला तर लागू दे, मी वाट बघेन.’

पुढे काय लिहू विचारलं तर म्हणाले, संपलं. मी विचारलं, आणि माझं काय?

‘तुझं नंतर बघू,’ हे म्हणाले. ‘आधी त्याचं पत्र जाऊ दे.’

म्हणून हे आत्ताच पेटीत टाकून येते.

मालिनी